चाळणीतून येणारं गाणं

गाणं सुरू केलं की माडीवरचा कॉम्प्युटर धापा टाकायला लागायचा. आधी कुणी सतरंजी ओढत न्यावी तसा हलका आवाज यायचा. पाच-सात मिनिटांत पंखा इतक्या जोरात फिरायचा की खाली स्वयंपाकघरात, गाण्याच्या मागे, तो स्पष्ट ऐकू यायचा. अर्ध्या तासाच्या आत कॉम्प्युटर स्वतःहून बंद पडायचा आणि घरात तीन ठिकाणी चाललेलं गाणं एकाच अक्षरावर तुटायचं. मग वर काहीच नसायचं. तव्यावरची भाकरी तशीच ठेवून मी छताकडे बघत राहायचे.

हा कॉम्प्युटर माझ्या नवऱ्यानं जोडला होता. तो उद्यमबागेत एका कारखान्यात विजेच्या दुरुस्तीचं काम करायचा. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. समोर असताना कधी म्हटलं नाही, पण आता 'ते' लिहिलं की दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिते आहे असं वाटतं. कारखान्याच्या ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर त्यानं घरी आणला, त्यात कॅसेटवरची, तबकड्यांवरची, कुठून कुठून गोळा केलेली गाणी भरली आणि घरातल्या वायफायवरून ती ऐकता येतील अशी सोय केली. पुढच्या खोलीत, म्हणजे सोप्यात एक, स्वयंपाकघरात एक आणि माडीवर एक असे तीन स्पीकर, प्रत्येकाला काडेपेटीएवढी एक डबी जोडलेली. फोनवर गाणं निवडायचं, वरचा कॉम्प्युटर ते पाठवायचा, डबी ते घेऊन वाजवायची. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मला यातलं एवढंच माहीत होतं आणि एवढं पुरत होतं.

तो गेल्यावर महिन्याभरात हा त्रास सुरू झाला.

तो गेला त्या दिवशी त्याची दुसरी पाळी होती आणि मला सुट्टी होती. जेवताना मी विचारलं, चष्मा आणला का. माझा वाचायचा चष्मा खडेबाजारातल्या दुकानात काच बदलायला दिला होता आणि तीन दिवस मी त्याला आणायला सांगत होते. तो म्हणाला, "कुठला चष्मा?" मी त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुम्हाला काय सांगून उपयोगच न्हाय." तो उठला. हात धुतले, पिशवी घेतली, बाहेर पडला. गल्लीत पाच-सहा पावलं गेला असेल तेव्हा मला वाईट वाटलं. दारात येऊन मी हाक मारली, "असू द्या ओ, मी आणते. सावकाश जावा." त्यानं वळून पाहिलं नाही. गल्लीच्या तोंडाशी लावलेली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. संध्याकाळी कारखान्यात छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला.

चार दिवसांनी त्याची पिशवी घरी आली. डब्याशेजारी माझा चष्मा होता, दुकानातल्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला. पाळीवर जायच्या आधी त्यानं तो आणला होता.

म्हणजे माझं बोलणं त्याला लागलं होतं. मग नंतरची हाक ऐकूनही तो वळला नाही तो रागानं, असं मी धरून चालले होते. येणारे-जाणारे विचारायचे, शेवटचं काय बोलणं झालं? मी सांगायचे, "सावकाश जावा म्हटलं." खोटं नव्हतं. पण ते त्यानं घेतलं नव्हतं, हे मी कुणाला सांगत नव्हते.

कॉम्प्युटर जळाला तर सगळी गाणी जातील, दुसरीकडे कुठेही त्यांची प्रत नाही, हे लक्षात आल्यावर एका रविवारी सकाळी मी तोच चष्मा लावून त्याच्यासमोर बसले. कॉम्प्युटरची मला भीती वाटते, पण शोधायची सवय आहे. ग्रंथालयात चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक शोधताना एका वेळी एकच कपाट बघायचं असतं. दोन कपाटं एकदम बघणाऱ्याला ते सापडत नाही.

कॉम्प्युटर कशात किती गुंतला आहे हे दाखवणारी यादी उघडली. गाणं बंद असताना प्रोसेसरचा आकडा दोन. गाणं लावलं की नव्वद, अठ्ठ्याण्णव, शंभर, आणि तिथेच थांबायचा. आधी मी झाकण काढलं. आमचे माग विकून पुष्कळ वर्षं झाली, पण आमच्या वडगावात शेजारच्या घरांतून ते अजून चालतात आणि सुताचे बारीक तंतू गल्लीभर उडतात. पंख्यावर त्यांची पांढरी गादी बसली होती. रंगाच्या ब्रशनं ती काढली. पंख्याचा आवाज थोडा उतरला, आकडा उतरला नाही. मग वायफाय सोडून डबी थेट वायरनं जोडून पाहिली. शंभर. मग तेच गाणं कुठे न पाठवता कॉम्प्युटरवरच वाजवलं. तीन. म्हणजे गाणं वाचणं त्याला जड नव्हतं, पाठवणं जड होतं. मग एकेक स्पीकर बंद केला. एकच चालू असेल तर तेहतीस, दोन असतील तर सहासष्ट, तीन असतील तर नव्व्याण्णव. ग्रंथालयातून बाद झालेल्या कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी हे लिहीत होते. पाढ्यासारखे ते आकडे बघून मी पेन खाली ठेवलं.

कारण तो होता तेव्हा एकच स्पीकर चालायचा. पाळीवरून आल्यावर तो माडीवर जाऊन एकटा ऐकायचा, आणि मला हवं असेल तेव्हा मी स्वयंपाकघरात लावायचे. तिन्ही एकदम लावायला सुरुवात केली ती मी, तो गेल्यावर. एका खोलीत गाणं लावलं की उरलेल्या खोल्या फार ऐकू यायच्या. यंत्र बिघडलं नव्हतं, मीच त्याला तिप्पट कामाला लावलं होतं.

तरी एका स्पीकरला तेहतीस का, हे कळेना. पुढच्या रविवारी मी नवऱ्याबरोबर कारखान्यात काम करणाऱ्या त्याच्या मित्राला बोलावलं. तो मूळचा संकेश्वरचा, घरी कन्नड बोलतो, मला अक्का म्हणतो. मोटारसायकल लावून वर आला, खुर्चीवर बसायच्या आधी क्षणभर थांबला, कारण ती खुर्ची कुणाची हे त्याला माहीत होतं. मग बसला.

थोड्या वेळानं म्हणाला, "गाणं हाय तसं जात न्हाय, अक्का. मधी कुणीतरी बसलंय."

"कोण?"

"प्रोग्राम हो. तुमी लगेच मागं काय बघताय?"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं होतं.

"नोड्री," त्यानं पडद्यावर बोट ठेवलं, बघा म्हणाला. "गाणं आधी उकलतंय. मग चौपट बारीक करतंय. मग एका चाळणीतनं काढतंय. मग परत बांधून पाठवतंय. आणि तिन्ही स्पीकरना वेगवेगळं. पंगती तीन, आचारी एक, आणि हर पंगतीला मसाला नव्यानं वाटायचा. घाम फुटणार न्हाय तर काय हुईल?"

ते सगळं सेटिंगच्या फाइलमधल्या एका ओळीमुळे होत होतं. बाकीची फाइल प्रोग्रामबरोबर आलेली होती, ही एक ओळ तेवढी कुणीतरी हातानं लिहिलेली. कुणी ते दोघांनाही माहीत होतं. त्या ओळीत ज्या चाळणीचं नाव होतं ती मित्रानं उघडली. आत आकड्यांचे दोन स्तंभ, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. खालच्या पट्टीच्या आवाजांपुढे शून्य. वर जावं तसे आकडे वाढत गेलेले. चार हजारच्या पट्टीपाशी डावीकडे अधिक तीस, उजवीकडे अधिक बावीस.

मित्र खुर्ची पुढे ओढून बघायला लागला. "हे मी कुठंतरी बघितलंय," म्हणाला. "आमच्यात वर्षाला कानाची तपासणी असतीया. त्या कागदावर असंच असतंय. कुणाच्या तरी कानाचं माप घेऊन शिवलंय हे, अक्का. वरचा आवाज ज्याला येत न्हाय त्याच्यासाठी वरचा आवाज चढवलाय."

"मामांसाठी केलं असेल," मी म्हणाले. माझे सासरे ऐंशीच्या पुढे आहेत. सगळा जन्म मागांच्या खडखडाटात गेला, आता कानाचं यंत्र डबीत असतं आणि ते स्वतः सोप्यात.

"असंल," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा तसा म्हणत नव्हता.

त्यानं मला एक गोष्ट शिकवली. फाइलमधली ओळ नको असेल तर पुसायची गरज नसते. तिच्या आधी एक खूण टाकली की यंत्र ती ओळ वाचत नाही. ओळ जागेवरच राहते. त्यानं खालच्या दोन स्पीकरपुरती ती ओळ तशी गप्प केली आणि वरच्या स्पीकरसाठी राहू दिली, मी सांगितलं म्हणून. तिन्ही स्पीकर लावले. आकडा छत्तीसवर आला. पंख्याची धाप बसली.

मित्र गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. गाणं एकदम मऊ झालं होतं. इतकी वर्षं आमच्याकडे झांजा टोचायच्या, गाणाऱ्यांचा 'स' शिट्टीसारखा यायचा. मी समजायचे, स्पीकरच हलके आहेत. एकदा नवऱ्याला तसं म्हणालेही होते, भांडी घासत. त्यानं उत्तर दिलं नव्हतं.

आकडे कार्डावर उतरवून मी सासऱ्यांच्या कानाच्या तपासणीचा जुना कागद काढला. जुळेना. त्यांचा उजवा कान जास्त गेलेला, आणि खालच्या आवाजापासूनच गेलेला. हे माप ज्याचं होतं त्याचा डावा जास्त गेला होता, आणि फक्त वरचा.

मी दोन्ही कागद घेऊन सोप्यात गेले.

"मामा, वरच्या गाण्यात हे तुमच्यासाठी घातलं होतं काय?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, मग कार्डाकडे. "मला कशाला गाणं? मागाचं ऐकलं तेवढं पुरं झालं."

"मग कुणासाठी?"

"त्याचंच की हे."

"त्यांना ऐकू येत नव्हतं?"

"येत हुतं," सासरे म्हणाले. "समोरनं येत हुतं."

मी त्यांच्या पुढ्यात खाली बसले.

"तुम्हाला ठावं होतं?"

"बाप हाय मी. तोंडाकडं बघून बोलायचा ते मला कळायचं न्हाय व्हय? मीबी तसाच बोलतोय. मागाच्या घरातलं पोरगं चालायच्या आधी ओठ वाचाय शिकतंय."

"मला सांगितलं न्हाई कधी."

"नको म्हणला. कारखान्यात कळलं तर मशिनीवरनं काढत्यात म्हणून भ्यायचा. तिथली तपासणी चुकवायचा, बाहेरनं करून घ्यायचा. आणि तू पुस्तकं वाचणारी, लगेच दवाखान्याला वढत नेशील म्हणायचा." ते थोडे हसले. मग म्हणाले, "मागावरच्या माणसाला हाक मारत न्हाईत, पोरी. आवाज पोचतोय कुठं? समोर जायचं, न्हाय तर खांद्याला हात लावायचा. तू या घरात आलीस तवापासनं आपली हाका मारतीस. कंग्राळीची तू. शेतातली."

"मग तेव्हाच सांगायचं होतं की."

"ग्वाड वाटायचं गं. या घरात हाक मारणारं कुणी नव्हतं."

आमच्या कंग्राळीत सगळं हाकेवर चालायचं. बांधावरून हाक, विहिरीवरून हाक. अर्धे शब्द वाऱ्यात जायचे तरी माणूस वळायचा, कारण हाकेला वळायचं असतं. ती सवय घेऊन मी सुताच्या घरात आले आणि इतकी वर्षं एका माणसाच्या पाठीशी बोलत राहिले. तोही कधी समोर येऊन उभा राहायचा, माझ्याकडे टक लावून बघायचा. लग्नानंतर मला त्याची लाज वाटायची, पुढे वाटायचं याचं लक्ष आहे आपल्याकडे. ते दोन्ही असेल. त्याखाली हेही होतं.

चष्म्याचं मी त्याला तीनदा सांगितलं, ते तिन्ही वेळा ओट्याकडे तोंड करून. चौथ्यांदा ताटावर, समोरून, त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले की तुम्हाला सांगून उपयोग नाही. ते त्यानं पूर्ण वाचलं. चष्मा आणला. आणि दारातून मी जे म्हटलं ते पाठीमागून म्हटलं.

तो रागावून गेला नाही असं मानायला आता जागा होती. मित्राला फोनवर सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "बघा, म्हंजे ऐकूच आलं न्हाय. मनातनं काढून टाका, अक्का." पण मला त्यातून सुटका दिसेना. टोमणा पोचला होता आणि समजूत पोचली नव्हती. आधी मला वाटायचं, माझी माफी त्यानं नाकारली. आता कळत होतं, ती त्याला मिळालीच नव्हती.

मी मित्राला विचारलं, "अधिकच्या जागी वजा घातलं तर?"

"तर त्याला जसं यायचं तसं तुमाला ऐकू येईल, साधारण." मग म्हणाला, "पण कशाला?"

मी फाइल कशी उघडायची ते कार्डावर लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी साडेबाराच्या सुमारास, म्हणजे त्याच्या निघण्याच्या वेळेला, मी फोन रेकॉर्डिंगवर लावला आणि गल्लीत सहा पावलांवर शेजारच्या कट्ट्यावर ठेवला. परत दारात येऊन हाक मारली. तेच शब्द, तेवढ्याच जोरानं. शेजारच्या काकू कट्ट्यावर गहू निवडत होत्या. त्या उठून बघायला लागल्या.

"कुणाला गं?"

"कुणाला न्हाई, काकू. फोन बघतेय बरा चालतो का."

"चालतोय की. मला ऐकाय आलं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुपाकडे वळल्या.

माडीवर जाऊन ते रेकॉर्डिंग गाण्यांच्या फोल्डरमध्ये टाकलं. चाळणीची फाइल उघडून एकेका अधिकची उभी रेघ काढून त्याचा वजा केला. डावीकडे, मग उजवीकडे. हात सावकाश चालत होता. मग माडीवरच्या त्या एकट्या स्पीकरवर ते लावलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

रेकॉर्डिंगमधला शेजारचा माग अगदी स्वच्छ ऐकू आला, थडथड थडथड, काहीही कमी न होता. आणि त्यावर माझा आवाज. मला वाटलं होतं, काहीच येणार नाही. पण आला. "अऊ या ओ, ई आए. आव-आ आवा." सगळे शब्द गळून गेले होते, स्वर तेवढे राहिले होते. कुणीतरी बाई दारातून मोठ्यानं काहीतरी म्हणते आहे, एवढं कळत होतं. काय, ते कळत नव्हतं. मी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मला त्यात समजूत ऐकू येईना. ताटावर तसं बोललेल्या बाईचा दारातून चढलेला आवाज, त्याच बोलण्याची पुढची ओळ वाटावी असा.

तेव्हा हाक ऐकू आली नाही म्हणून तो वळला नाही, की आवाज आला आणि अजून बोलते आहे असं वाटून वळला नाही, हे मला कधीच कळणार नाही. यंत्रानं सांगता येण्यासारखं होतं ते सगळं सांगितलं होतं. आकडा तेहतीस होता.

मी वजा पुन्हा अधिक केले. रेकॉर्डिंग पुसलं नाही, गाण्यांच्या फोल्डरमधून तेवढं बाहेर काढून ठेवलं. एखाद्या दिवशी गाण्यांच्या रांगेत ते अचानक खाली सोप्यात वाजलं असतं, म्हणून. मग सगळ्या गाण्यांची एक प्रत करून कपाटात ठेवली, ते काम आधीच करायला हवं होतं.

खाली आले तेव्हा सासरे दाराकडे तोंड करून बसले होते. मी "मामा" म्हणणार होते. तसाच आवाज गिळला, फिरून समोर गेले, खांद्याला हात लावला आणि जेवायला वाढलंय म्हटलं.

"शिकलीस की," ते म्हणाले.

आता खाली गाणी जशी आहेत तशी येतात, मऊ, आणि कॉम्प्युटर बंद पडत नाही. माडीवरच्या स्पीकरला मात्र ती ओळ तशीच आहे. तिथे झांजा टोचतात, 'स' शिट्टी मारतो. त्या एका स्पीकरसाठी गाणं उकलतं, बारीक होतं, चाळलं जातं, पुन्हा बांधलं जातं. पंखा त्या वेळी फिरतो, पण इतका हळू की स्वयंपाकघरात काही कळत नाही. ऐकायचा असेल तर वर जाऊन समोर बसावं लागतं.